इलेक्ट्रिक घेऊ की हायड्रोजनची वाट बघू?

धायरीफाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरची पेट्रोल गाडी आता चालण्यापेक्षा गॅरेजमध्येच जास्त असते, दिवाळीपर्यंत बदलायची आहे. मन इलेक्ट्रिकवर आलं होतं. टेस्ट ड्राइव्ह झाली, बायकोला रंगसुद्धा पसंत पडला. पण सासरेबुवांनी खोडा घातला. त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर गडकरी हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले तो २०२२ चा व्हिडिओ पुन्हा फिरतोय. "बॅटरी म्हणजे मधला टप्पा आहे. हायड्रोजन आला की पाच मिनिटांत टाकी फुल्ल, धूर नाही, खाली नुसतं पाणी. आत्ता बॅटरीत पैसे घातलेस तर उद्या भंगारवालासुद्धा उचलणार नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यांची सगळी नोकरी चाकणच्या वाहन कारखान्यांत गेलेली, त्यामुळे उडवूनही लावता येत नाही.

रोजचं जाणं-येणं धायरी ते हिंजवडी, अधूनमधून चिपळूणला गावी. जाणकारांनी सांगावं: हायड्रोजनची गाडी खरंच येतेय का, आणि आली तर ती घ्यायच्या लायकीची असेल का?

वायफळ

रुमाल टाकून ठेवतो. तात्या जेवून आले की सुरू होईल.

हिशेबी_तात्या

आलो. जेवण व्हायचंय, पण हा विषय उपाशीपोटीही चालतो.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. सासऱ्यांना आवडलेली ती गाडी (टोयोटाची मिराई, ३० मार्च २०२२ ला संसदेत गेली होती) हीसुद्धा इलेक्ट्रिक गाडीच आहे. चाकं मोटरच फिरवते. फरक एवढाच की वीज बाहेरून भरून घेण्याऐवजी ती गाडीतच फ्युएल सेलमध्ये तयार होते. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन, दोघांचं मीलन, त्यातून वीज आणि पाणी. शिवाय तिच्यात एक छोटी बॅटरी असतेच, कारण फ्युएल सेलला एकदम जोर मारणं जमत नाही.

आता हा हायड्रोजन येतो कुठून? विहीर खणून मिळत नाही. "हरित" हवा असेल तर पाण्यात वीज सोडून तो वेगळा करावा लागतो. १ किलो हायड्रोजनमध्ये ऊर्जा असते ३३ युनिटच्या आसपास. तो वेगळा करायला वीज लागते ५० ते ५५ युनिट. मग तो ७०० बारला (साध्या हवेच्या दाबाच्या सातशेपट) दाबायचा, भरताना गार करायचा, त्यात आणखी चार-पाच युनिट. म्हणजे पंपाच्या नळीपर्यंत १ किलो आणायला ५८ युनिट धरा. पुढे गाडीतला फ्युएल सेल त्यातली जेमतेम निम्मी ऊर्जा विजेत बदलतो, बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून जाते.

मिराई १ किलोत प्रत्यक्षात १०५ किमी जाते असं समजू. तीच ५८ युनिटं सरळ बॅटरीच्या गाडीत भरा. चार्जिंगमधली गळती वजा जाता ५१ पदरात पडतात, युनिटला साडेसहा किमीने ती गाडी ३३० किमी जाते. वीज तीच, पाणी फुकट धरलं, यंत्रांची किंमत शून्य धरली, तरी तिप्पट फरक.

दुधाचा खवा करायचा, खवा टेम्पोने मुंबईला न्यायचा, तिथे त्यात पाणी घालून परत दूध करायचं आणि वर म्हणायचं की भांडं हलकं झालं. खवा वाईट नाही हो, पण चहाला कशाला?

वायफळ

तात्यांचा खवा आवडला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चिकित्सक_बंडू

तात्या, आकडे बरोबर, पण अर्धेच. कार्यक्षमता हाच निकष असता तर जगात कुणी पेट्रोल जाळलंच नसतं, इंजिन पाऊण ऊर्जा उष्णतेत घालवतं. लोक किंमत बघतात, सोय बघतात.

दुसरं, तुमची वीज काय सूर्यनारायण देतो का? आपल्या ग्रिडमध्ये अजून बहुतेक कोळसा. युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे तुमची बॅटरी गाडी किलोमीटरला १२५-१३० ग्रॅम सोडते, फक्त चंद्रपूरला सोडते, धायरीत नाही. लिटरला १६ किमी देणारी पेट्रोल गाडी १४५ सोडते. एवढ्याशा फरकासाठी एवढा गाजावाजा?

तिसरं, नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन केला तर किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. दाबायची वीज धरली तरी किलोमीटरला १२० च्या आसपास. म्हणजे "घाणेरडा" हायड्रोजनसुद्धा तुमच्या बॅटरीच्या बरोबरीला आला की नाही?

आणि चौथं, बॅटरीचा सगळा बाजार चीनच्या मुठीत आहे. तेलासाठी अरबांच्या दारात, आता सेलसाठी चीनच्या. सरकारने ४ जानेवारी २०२३ ला १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं ते उगाच नाही.

हिशेबी_तात्या

बंडूशेठ, हा आला खरा मुद्दा. तिसऱ्या मुद्द्याचं गणित बरोबर आहे. पण तो वायू आपण निम्म्याच्या आसपास बाहेरून आणतो, म्हणजे अरबांचं दार सुटत नाही, फक्त दाराचा रंग बदलतो. आणि कोळशाच्या मुद्द्यावर तुम्हीच हायड्रोजनला खड्ड्यात घातलंत. ग्रिडच्या त्याच विजेवर पाणी फोडून हायड्रोजन केलात तर ५८ गुणिले ०.७२, म्हणजे किलोमागे ४२ किलो. १०५ किमीने भागा: किलोमीटरला ४०० ग्रॅम. माझ्या शेजाऱ्यांची जुनी सुमो यापेक्षा स्वच्छ निघेल.

ग्रिड दरवर्षी थोडं थोडं सुधारतंय, त्याबरोबर आज घेतलेली बॅटरी गाडी आपोआप सुधारते. छतावर सोलर असेल तर आजच सुधारली.

चीनचा मुद्दा मान्य. पण फ्युएल सेलला प्लॅटिनम लागतं, पीईएम जातीच्या इलेक्ट्रोलायझरला (पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारं यंत्र) इरिडियम, आणि या दोन्हींची मुख्य खाण दक्षिण आफ्रिका. उलट आता स्वस्त गाड्यांत येणाऱ्या एलएफपी बॅटरीत कोबाल्ट नाही, निकेल नाही; लोह, फॉस्फेट आणि लिथियम. सोडियमच्या बॅटऱ्याही बाजारात उतरू लागल्या आहेत.

बे_एरियातला_बाळू

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, खास या धाग्यासाठी. इथे कॅलिफोर्नियात माझ्याकडे हायड्रोजनची गाडी होती. कंपनीचं नाव घेत नाही, तिच्या गाडीत खोट नव्हती. कार म्हणून अप्रतिम: शांत, गुळगुळीत, टाकी फुल्ल असली की साडेपाचशे-सहाशे किमी. गाडीबरोबर १५,००० डॉलरचं इंधन कार्ड फुकट. मित्रमंडळी म्हणाली, बाळ्या लॉटरी लागली.

खरी गंमत पंपावर. हायड्रोजन उणे ४० अंशाला गार करून गाडीत सोडतात, नाहीतर भरताना टाकी तापते. सकाळी धुकं असलं, हवा दमट असली की नळीच्या तोंडावर बर्फ जमतो आणि ती गाडीलाच चिकटून बसते. भरायला पाच मिनिटं, सुटायला दहा. मागचा माणूस हॉर्न वाजवतोय, तुम्ही पाण्याची बाटली ओतून ती नळी सोडवताय. दादरला जुलैमध्ये हा पंप लावला तर काय होईल याची कल्पना करा.

बरं, तो पंप चालू असेल तर. आमच्या ॲपवर पंपांचे हिरवे-लाल ठिपके असायचे. हिरवा बघून निघालो, पोचेपर्यंत लाल. दोन-तीन गाड्या लागोपाठ भरल्या की दाब उतरतो, मग कॉम्प्रेसर परत दाब चढवेपर्यंत रांगेत बसा. आणि भाव? मी घेतली तेव्हा किलोला १३ ते १६ डॉलर, नंतर ३६ पर्यंत गेला. ५ किलो भरले की १८० डॉलर. कार्ड संपल्यावर डोळे उघडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेलने कॅलिफोर्नियातले गाड्यांसाठीचे आपले हायड्रोजन पंप कायमचे बंद केले, त्यानंतर सेकंडहँड बाजारात या गाड्यांना कुणी हात लावेना. भंगारवाल्याबद्दल तुमचे सासरे बोलले ते शब्द बरोबर आहेत, गाडी तेवढी चुकीची धरली आहे.

अठरा_चाकी

छोट्या गाड्यांचं ठरलं असेल तर आता आमच्याकडे वळा. मी ट्रान्सपोर्टमधला माणूस. ४९ टनी ट्रेलर, न्हावाशेवा ते चाकण, काही गाड्या पुढे हुबळी-बंगळूरला. तात्या, तुमची बॅटरी माझ्या ट्रेलरला लावून दाखवा. मी टनावर कमावतो. बॅटरीच पाच टन खाणार असेल तर मी माल काय केबिनमध्ये ठेवू? आणि तीन तास चार्जिंगला गाडी उभी राहिली तर ड्रायव्हरचा भत्ता कोण देणार? हायड्रोजन इथे तरी जिंकतो ना?

हिशेबी_तात्या

अठरा_चाकीसाहेब, तुमची शंका शंभर टक्के रास्त. भरलेला ट्रेलर किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट खातो. ५०० किमीला ७०० युनिट. आजच्या पॅकचं वजन साडेचार-पावणेपाच टन. डिझेल इंजिन, गिअरबॉक्स, भरलेली टाकी काढली की दीड-दोन टन परत मिळतात. म्हणजे तुमचं निव्वळ नुकसान तीन टनांच्या आतबाहेर. सिमेंट, स्टील भरणाऱ्याला हे दुखतं. फ्रिज, बिस्किटं, कपडे नेणाऱ्याचा ट्रेलर वजनाआधी जागेने भरतो, त्याला फारसं नाही.

हायड्रोजनला त्याच ५०० किमीला ४०-४५ किलो लागेल. वजन कमी, पण जागा बघा. ३५० बारला लिटरमध्ये २४ ग्रॅमच मावतो, म्हणजे १,८०० लिटरच्या नळकांड्या केबिनमागे उभ्या करा.

आणि ते इंधन पंपावर पोचणार कसं? साध्या पोलादी नळकांड्यांचा ट्रेलर २०० बारला नेतो साडेतीनशे किलोच्या आसपास. ४० टनांची गाडी, आत माल साडेतीनशे किलो! तुमचे आठ ट्रक भरले की तो रिकामा. डिझेलचा २०,००० लिटरचा टँकर तेवढ्याच अंतराला तुमच्या शंभरेक ट्रकांना पुरतो. पंपासमोर इंधन आणणाऱ्या गाड्यांचीच रांग लागेल.

कोकणकन्या

मी खत कारखान्यात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे हायड्रोजनशी रोजचा संबंध. दोन शब्द सुरक्षेबद्दल, कारण धाग्यात अजून कुणी काढलं नाही आणि ग्रुपवर मात्र "हायड्रोजन बॉम्ब" असलं काहीतरी येतच असतं.

हायड्रोजन हा वायू म्हणून खलनायक नाही. अतिशय हलका, गळला की सरळ वर पळतो. पेट्रोल खाली सांडून पसरतं, एलपीजी मोरीत साचतो. उघड्यावर हायड्रोजन त्यांच्यापेक्षा बरा. पण छप्पर आलं की खेळ बदलतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेटतो, आणि पेटायला लागणारी ठिणगी इतकी क्षुल्लक की अंगातल्या सिंथेटिक शर्टाची पुरते. बेसमेंट पार्किंगवाल्या सोसायट्यांनी विचार करावा.

त्याहून त्रासदायक म्हणजे त्याला वास नाही, आणि एलपीजीसारखा वास मिसळताही येत नाही, कारण ती गंधकाची रसायनं फ्युएल सेलचा उत्प्रेरक मारतात. ज्योत दिवसा दिसत नाही. आता डिटेक्टर असतात, पण जुनी माणसं सांगायची की पूर्वी लाइनवर संशय आला की ऑपरेटर केरसुणी पुढे धरून चालायचा. केरसुणी पेटली की समजायचं, ज्योत इथे आहे. हे ऐकून नवीन ट्रेनी हसायचे. एकदा पाइपच्या जोडाशी (फ्लँजशी) ते अदृश्य जळणं बघितलं, म्हणजे हवा नुसती थरथरताना बघितली, की हसू जातं.

वायू इतका बारीक की गॅस्केट, व्हॉल्व्हचं पॅकिंग, जिथे फट मिळेल तिथून निघतो. चुकीचं पोलाद वापरलं तर त्यात शिरून ते ठिसूळ करतो. आम्ही प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने आवळून त्यावर रंगाची खूण करायचो, सुपरवायझर ती खूण तपासायचा. नॉर्वेत ओस्लोजवळ सँडविकाला १० जून २०१९ रोजी हायड्रोजन पंपावर स्फोट झाला, त्याचं कारणही टाकीच्या प्लगचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते हेच निघालं. कारखान्यात ही शिस्त पाळणं जमतं. ती हायवेवरच्या प्रत्येक पंपावर, मे महिन्यात, रात्रपाळीच्या पोराकडून अपेक्षित धरायची का?

चिकित्सक_बंडू

ताई, बॅटऱ्या पेटत नाहीत का? २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत.

कोकणकन्या

पेटतात की. आणि लिथियमची आग विझवणं म्हणजे अग्निशमनवाल्यांची परीक्षा, विझली वाटते आणि परत पेटते. त्यानंतर बॅटऱ्यांचे सुरक्षा निकष कडक झाले. दोन्हीकडे धोका आहे, मी फक्त हायड्रोजनचा सांगितला कारण तो मला माहीत आहे.

मराठवाड्याचा_मारुती

सगळे वीज वीज करताय. पाण्याचं काय? आमच्याकडे फेब्रुवारीत टँकर सुरू होतात. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणलं होतं, विसरलात का? आता पाण्यातून गाड्या पळवणार?

(अवांतर: पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा व्हिडिओ आमच्याही ग्रुपवर आहे. १९९६ चं तामिळनाडूतलं हर्बल पेट्रोल आठवणाऱ्यांनी हात वर करा.)

हिशेबी_तात्या

हात वर.

मारुतीराव, १ किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राप्रमाणे ९ लिटर शुद्ध पाणी लागतं, शुद्धीकरणात वाया जाणारं आणि थंड करायचं धरून त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा. १०० किमीला २०-३० लिटर. फार नाही. हायड्रोजनच्या विरोधात बरंच बोललो, पण पाण्यासाठी त्याला झोडपणं अन्याय होईल. झोडपायचंच तर उसाच्या इथेनॉलला झोडपा: नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिटरमागे २,८६० लिटर पाणी दिलंय. ते आपण हल्ली सगळेच टाकीत भरतोय, आणि त्यावर कुणी धागा काढत नाही.

मराठवाड्याचा_मारुती

काढतो धागा. साखरवाले आयडी तुटून पडतील, तेव्हा पळू नका म्हणजे झालं.

लाल_डबा

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. बसच्या बाजूने थोडं लिहितो.

१ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर धावली, आणि १ जून २०२२ ला त्याच मार्गावर पहिली इलेक्ट्रिक शिवाई. पीएमपीने तर २०१९ पासूनच इलेक्ट्रिक बस घेतल्या. शहरातल्या बसचं गणित सोपं आहे: दिवसाचे किलोमीटर ठरलेले, रात्री मुक्काम आगारातच, तिथेच चार्जर. हायड्रोजनला तिथे शिरकाव करायला फटच नाही.

घाटात काय होतं ते बघण्यासारखं आहे. डिझेल बस खंडाळ्याचा घाट उतरून खाली आली की ब्रेक लायनरचा जळका वास यायचा, पावसाळ्यात तर चाकातून वाफ. इलेक्ट्रिक बसचा ड्रायव्हर पेडलवरून पाय उचलतो, मोटरच जनरेटर होते, गाडी आपसूक आवरली जाते, आणि खोपोलीपर्यंत चार्जचा आकडा वर गेलेला दिसतो. लायनर कितीतरी जास्त टिकतात. हायड्रोजन बसमध्येही हे होतं, पण तिची बॅटरी लहान, घाटाच्या मध्यावरच भरते. उरलेल्या उतारावर परत लायनर.

फ्रान्समध्ये मॉंपेलिए शहराने ५१ हायड्रोजन बसची योजना केली होती, जानेवारी २०२२ मध्ये सोडून दिली. हायड्रोजनवर किलोमीटरला ९५ सेंट खर्च, बॅटरीवर १५. जर्मनीत लोअर सॅक्सनीने २०२२ मध्ये हायड्रोजनच्या १४ रेल्वेगाड्या मोठ्या थाटात सुरू केल्या, आणि पुढच्या वर्षी जाहीर केलं की यापुढे बॅटरीच्या किंवा तारेवरच्या गाड्या घेऊ.

वायफळ

आपल्या रेल्वेनेही "हायड्रोजन फॉर हेरिटेज" म्हणून ३५ गाड्या सांगितल्या होत्या ना? गाडीमागे ८० कोटी. यादीत माथेरानची राणी होती. नेरळहून ती वर चढते त्या वेगाने हायड्रोजन आधी पोचेल की गाडी, यावर पैज लावायला तयार आहे. (हलके घ्या.)

चिकित्सक_बंडू

सगळेच एका बाजूला झुकल्यावर मजा जाते, म्हणून परत येतो. पुण्यातच सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी मिळून फ्युएल सेल बस बनवली, ऑगस्ट २०२२ मध्ये तिचं उद्घाटन झालं. मार्च २०२५ मध्ये सरकारने ३७ हायड्रोजन बस-ट्रक आणि ९ पंपांचे पथदर्शी प्रकल्प मंजूर केले, त्यात मुंबई-पुणे मार्ग आहे. त्यातल्या २२ गाड्यांत फ्युएल सेल नाहीच, सुधारलेलं इंजिनच हायड्रोजन जाळतं. धागाकर्त्याच्या सासऱ्यांसारख्या माणसांचं चाळीस वर्षांचं ज्ञान, पिस्टन, क्रँक, आपल्या चाकण-भोसरीतले सुटे भाग बनवणारे शेकडो लघुउद्योग, हे सगळं त्यात वाचतं. बॅटरी आली की यातल्या अर्ध्यांची शटरं खाली. याचा हिशेब कोण मांडणार?

आणि दुपारी सौर वीज जास्त होते, ती फुकट जाते. त्यावर हायड्रोजन का करू नये?

हिशेबी_तात्या

भोसरीच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो खरा आहे. गिअरबॉक्सचे दाते पाडणाऱ्या माणसाला मोटरची वाइंडिंग उद्या जमेल असं म्हणणं सोपं, पण त्याच्या मशीनवरचं कर्ज अजून फिटायचं असतं. फक्त त्याची दुकानं वाचवायला अख्ख्या देशाने तिप्पट वीज जाळायची का, हा प्रश्न उरतोच. शिवाय हायड्रोजन इंजिनात जाळला तर हवेतला नायट्रोजन तापून नॉक्स (नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड) तयार होतात, म्हणजे "खाली नुसतं पाणी" हेही राहत नाही.

दुपारच्या फुकट विजेचं: इलेक्ट्रोलायझर ही महागडी यंत्रं आहेत. दिवसाला तीन-चार तास चालवली तर वीज फुकट असूनही यंत्राच्या व्याजानेच हायड्रोजन महाग पडतो. २४ तास चालवायची तर रात्रीची वीज विकत घ्यावी लागते, आणि मग परत तोच ५८ युनिटांचा हिशेब. तीच दुपारची वीज ऑफिसच्या पार्किंगमधल्या गाड्यांत भरली तर काय वाईट?

कोकणकन्या

तात्या, इथे मी बंडूंच्या बाजूने थोडी येते. हरित हायड्रोजन करायलाच हवा, पण तो गाडीत घालायला नको. देशात वर्षाला ५०-६० लाख टन हायड्रोजन आत्ताच वापरला जातो, रिफायनऱ्यांत आणि खतात, आणि जवळजवळ सगळा नैसर्गिक वायूपासून. अलिबागजवळ थळला युरियाचा कारखाना आहे, त्याचं पोट हायड्रोजनवर भरतं: आधी हायड्रोजन, मग अमोनिया, मग युरिया. तिथे बॅटरी काहीच करू शकत नाही, नायट्रोजनला हायड्रोजनच लागतो. पाइपलाइन आहे, प्रशिक्षित माणसं आहेत, डिटेक्टर आहेत. ७०० बार नको, टँकर नको, पंप नको. जो काही थोडाफार हरित हायड्रोजन पुढच्या दहा वर्षांत निघेल तो आधी तिथे जिरवा. आमच्यासारख्यांना चीड येते ती याची: मंत्र्यांच्या गाडीचा फोटो छापून येतो, अमोनियाच्या रिफॉर्मरमधून (वायूपासून हायड्रोजन काढणारी भट्टी) निघणाऱ्या कार्बनचा येत नाही.

(युरियात थोडी मेख आहे. त्यात कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो आज त्याच वायूतून मिळतो. वायू काढला तर तो दुसरीकडून आणावा लागेल. अमोनिया सोपा, युरिया जरा अवघड.)

चिकित्सक_बंडू

हे पटलं. पोलादालाही तेच लागू, भट्टीत कोळशाच्या कोकऐवजी हायड्रोजन. जहाजांना अमोनिया. ठीक आहे, कारपुरती तलवार म्यान. ट्रकची नाही.

धायरीफाटा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. बाळूदादांचा प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, "अमेरिकेत मेंटेनन्सला माणसं मिळत नाहीत, आपल्याकडे असं होणार नाही." पण भोसरीचा मुद्दा वाचून गप्प बसले. गाडी बुक करतोय. चिपळूणचा एकच प्रश्न: एका चार्जमध्ये जमेल ना? कुंभार्ली घाटाने जातो.

लाल_डबा

४५ युनिटच्या पॅकवर निघताना पूर्ण भरून निघा. पाटणपर्यंत एसी लावून आरामात. सातारा-कराड पट्ट्यात कुठेही थांबून चहाच्या वेळेत थोडं भरून घ्या, म्हणजे घाटाची धास्ती नको. कुंभार्ली जाताना उतारच आहे, परत येताना चढ. येताना चिपळूणहूनच भरून निघायचं. आणि सोसायटीच्या कमिटीला ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा, स्वतःच्या चालू वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते असं त्यात स्पष्ट आहे. वायर तेवढी चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग टाकून घ्या. जिन्यातून एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळवू नका.

अठरा_चाकी

धागाकर्त्याचं काम झालं, माझं राहिलं. न्हावाशेव्याला बंदरात २०२५ पासून बॅटरी बदलायचे इलेक्ट्रिक ट्रक आले आहेत, मी उभा राहून बघितलं. क्रेन येते, केबिनमागची पेटी उचलते, दुसरी बसवते, ट्रेलर निघतो. आमच्या ड्रायव्हरची चहा-बिडी होईपर्यंत काम तमाम. तीन तासांची माझी तक्रार तिथे संपते. वजनाची राहते, पण न्हावाशेवा-चाकण फेरीला मला ५०० किमीची पेटी हवीच कुठे, १५०-२०० ची पुरेल. बंगळूरच्या गाड्या सध्या डिझेलवरच राहतील, त्यांना काय मिळतं ते बंडूशेठच्या पथदर्शी प्रकल्पाचे निकाल आले की बघू.

तर दोन ट्रेलर घेऊन बघायचा विचार आहे. चाकणला माझं यार्ड आहे, तिथे स्वतःचा चार्जर लावला तर बिल कसं येतं? युनिटचा दर सगळे सांगतात, बाकीचं कुणी सांगत नाही.

हिशेबी_तात्या

बाकीचंच महत्त्वाचं. २४० किलोवॅटचा चार्जर म्हणजे यार्डाला उच्चदाब जोडणी, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. मग युनिटबरोबर मागणी आकारही येतो, तो तुम्ही महिन्यात किती युनिट वापरली यावर नाही, एकाच वेळी जास्तीत जास्त किती ओढली यावर. दोन ट्रेलर एकदम लावलेत तर आकडा दुप्पट. आलटून पालटून लावलेत, किंवा ६० किलोवॅटवर रात्रभर सावकाश भरलेत, तर बिल बरंच खाली येतं. महावितरणच्या विभागीय कार्यालयात मंजूर भार आणि ईव्हीची वेगळी दरश्रेणी या दोन गोष्टी लेखी विचारा, तोंडी उत्तरावर ट्रान्सफॉर्मर मागवू नका. गाड्यांच्या फेऱ्यांच्या वेळा इथे टाका, तासाप्रमाणे तक्ता करून देतो.

अठरा_चाकी

टाकतो रात्री. एक गाडी पहाटे ४ ला निघते, दुसरीचा नेम नाही, बंदरावर कंटेनर कधी मिळेल त्यावर आहे.

वायफळ

तात्या, आता जेवून घ्या.